द्राक्ष थांबत नाही, बेदाणा थांबतो

मार्च २०२०मध्ये कोरोनामुळे टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा निफाड-दिंडोरी पट्ट्यात आमच्यासारख्या कितीतरी बागांत माल उभा होता. व्यापारी फिरकेनात, मजूर मिळेनात, गाड्या जागच्या जागी थांबल्या. त्या उन्हाळ्यात खाण्याच्या द्राक्षांचा बेदाणा करता करता जे उमगलं, ते असं.

१. संकटात सगळ्यात आधी वेळ संपतो. पैशाची ओढाताण मागाहून येते. शेतकरी भावासाठी बोलतो खरा, पण हा माल चार दिवसांपलीकडे टिकायचा नाही, हे समोरच्यालाही माहीत असतं. पडेल भाव घ्यावा लागतो तो त्यामुळे. हे दरवर्षीचंच होतं. टाळेबंदीनं ते उघड केलं, एवढंच.

२. ज्याला आपण बिघाड म्हणतो, ती कधीकधी दुसऱ्या कामाची तयारी असते. खाण्याचं द्राक्ष साधारण १८ ब्रिक्सच्या (हे गोडीचं माप) आसपास काढतात. वेलीवर राहिलं की गोडी वाढत जाते, मणी मऊ पडतो आणि लांबच्या बाजाराला चालत नाही. बेदाण्याला मात्र २२च्या पुढचीच गोडी लागते. ती जितकी जास्त, तितका उतारा चांगला. रोज जो आकडा बघून आमच्या पोटात गोळा यायचा, त्याच आकड्याची तासगावचा बेदाणा करणारा बागायतदार वाट बघत असतो!

३. आपल्याला नवी वाटणारी वाट कुणाच्या तरी रोजच्या पायाखालची असते. माझे साडू तासगावकडे बेदाणा करतात. फोनवर त्यांनी पहिलं सांगितलं, "पाव्हणं, उन्हात टाकू नका, काळा पडंल. सावली आणि वारा द्या." पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात घड बुडवले की मण्यावरचा मेणाचा थर सैलावतो आणि आतलं पाणी लवकर निघतं, हेही त्यांनीच समजावलं. आमच्याकडे रॅक नव्हते. पण उन्हाळ कांदा भरायचा होता, म्हणून कांदाचाळ रिकामी होती. तिथं सावली होती आणि फटींतून वारा खेळता होता. शिकवणारा घरातला आणि जागा दारातली. विचारायचं तेवढं राहिलं होतं.

४. संधी फुकट येत नाही आणि सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. सुमारे ४ किलो द्राक्षांचा १ किलो बेदाणा होतो, आणि तोडणी, बुडवणी, निवडणीची मजुरी आधी खिशातून जाते. शेजारच्या बागेत घड कापून जमिनीवर टाकले. ते बघवत नव्हतं. पण एप्रिलची खरड छाटणी लांबली असती, तर पुढचा हंगामही हातचा गेला असता. वेल मोकळी करणं हाही पुढचं बघून घेतलेला निर्णय होता. म्हणून 'संकटात संधी शोधा' हे वाक्य मला दुसऱ्या कुणाला सांगवत नाही.

५. विकायचं कधी, हे स्वतः ठरवता येणं ही केवढी मोठी गोष्ट आहे! त्या वर्षी बेदाण्यातून पैसा बेताचाच आला. पण माल शीतगृहात गेला आणि सौदे सुरळीत होईपर्यंत निवांत थांबला. इतकी वर्षं बाग केली, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर 'उद्या बघू' असं म्हणता आलं ते त्या उन्हाळ्यातच.

६. अडचणीत सुचलेली युक्ती पुढच्या वर्षाच्या नियोजनात बसवली, तरच ती टिकते. आता फळछाटणीच्या वेळीच आम्ही बागेचा एक तुकडा बेदाण्यासाठी ठरवतो. तिथला मणी फार फुगवत नाही, कारण टपोरा मणी सुकायला वेळ घेतो. अवकाळी पाऊस बेदाण्यालाही सोडत नाही, म्हणून झाकायचा कागद हाताशी असतो. शेतीत भरवसा कशाचाच नाही. पण माल दोन दारांनी बाहेर पडू शकेल एवढी सोय केली, की उरलेली काळजी माणसाला पेलते.