मजुरीला जायचं का, असं विचारलंस म्हणून

अगं, फोनवर तुला नीट बोलता येत नव्हतं, मागे घरातले सगळे होते, म्हणून लिहिते. बी.कॉम. झालीस, तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करतेस, आणि द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की घरात, गल्लीत, पारावर एकच विषय निघतो. बागांना माणूस मिळेना आणि आपली शिकलेली पोरं-पोरी मोबाइल घेऊन घरात बसलीत. काकू तर तोंडावर बोलल्या, "पेठ-सुरगाण्याची माणसं घाट ओलांडून येतात, हिला चार पावलांवरची बाग दिसत नाही." ते तुझ्या मनाला लागलंय. तुझा आवाज ऐकूनच कळलं.

आधी मनातून एक गोष्ट काढून टाक. तू आळशी नाहीस. तुझ्यासोबत कॉलेजला एसटीने जाणारी ती पोरंही आळशी नाहीत. हे मी तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. आपल्या निफाड-दिंडोरीतलं बागेचं काम कसं चालतं ते एकदा नीट बघ, म्हणजे घरी बसलेला माणूस तिकडे का वळत नाही हे तुझं तुलाच कळेल.

द्राक्षाचं काम वर्षभर पसरलेलं नसतं, ते लाटांनी येतं. ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की लगेच पेस्ट लावायची, पुढे फेलफुटी काढायच्या, मग डिपिंग, मग थिनिंग, नंतर खुडा, आणि एप्रिलात पुन्हा खरड छाटणी. प्रत्येक लाटेत दोन-चार दिवसांत अख्खी बाग उरकावी लागते. मणी एकदा फुगले की थिनिंगची वेळ गेली. त्यामुळे बागायतदाराला एक बाई नको असते, त्याला उद्या सकाळी पंधरा-वीस हात हवे असतात. तो मुकादमाला फोन लावतो, एकरावर उक्तं ठरवतो आणि टोळी येते. तू एकटी उठून "मला काम द्या" म्हणत गेलीस, तर मंगळवारी हजेरी मिळेल, बुधवारी मिळणार नाही, आणि पाऊस झाला तर आठवडाभर कुणी विचारणारही नाही. 2019 च्या दिवाळीच्या सुमाराचा पाऊस आठव. बागाच्या बागा डाऊनी रोगाने गेल्या, घड कुजले. शेतकऱ्याचं नुकसान निदान पंचनाम्यात तरी आलं. त्या बागांमध्ये पुढे ज्यांच्या हजेऱ्या लागायच्या होत्या, त्यांच्या बुडालेल्या मजुरीचा पंचनामा कुणी केला?

म्हणून लोक दिवसाचा आकडा सांगतात तेव्हा फसू नकोस. "एवढा रोज मिळतो, तरी येत नाहीत," हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. रोज किती, हा अर्धाच प्रश्न झाला. हंगामात रोज किती पडले, मधले खाडे किती, जीपचं भाडं कुणी भरलं, हजेरी हातात कधी आली, हे सगळं धरून हिशेब कर. महिन्याचा पगार कमी असला तरी तो ठरलेल्या तारखेला येतो. आपल्या गावची पोरं भावकीच्या बागेत जात नाहीत, पण अंबडला, सातपूरला, सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत ठेकेदाराकडे बारा-बारा तास उभी राहतात. म्हणजे कष्टाला ती घाबरत नाहीत. तिथे गळ्यात ओळखपत्र असतं, पीएफ कापला गेला तर तो नावावर राहतो, आणि पाव्हणे आले की "पोरगा कंपनीत आहे" एवढं तरी सांगता येतं. शेवटचं कारण तुला हलकं वाटेल, पण आपल्या समाजात ते फार जड आहे. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात लग्न न जमणाऱ्या तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला होता. स्वतःची शेती असलेल्यालाही मुली मिळेनात, तिथे दुसऱ्याच्या शेतात रोजाने जाणाऱ्याला कोण विचारणार? एका हंगामाच्या मजुरीसाठी मुलगा ती किंमत मोजायला तयार होत नाही. त्याला नावं ठेवण्याआधी आपण घरात स्थळं बघताना काय विचारतो ते आठवावं.

पेठ-सुरगाण्याच्या माणसांचं उदाहरण काकूंनी दिलं, त्याचा मला फार राग आला. कष्टाळू आहेत ती माणसं, यात वादच नाही. पण ती हौसेने येतात का? भात, नागली, वरई निघाली की दिवाळीनंतर त्यांच्या रानात पाणी उरत नाही. पाऊस एवढा पडतो, पण सगळा वाहून जातो. म्हणून घराला कुलूप लावून, शाळेतल्या पोरांना काखेत मारून ती सावळ घाट ओलांडतात. बागेच्या कडेला प्लास्टिकच्या कागदाची खोपटी टाकून निफाडच्या थंडीत राहतात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचं तापमान पेपरात वाचून आपण कुडकुडतो, ती माणसं त्याच थंडीत उघड्यावर झोपतात. पुष्कळदा मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, म्हणजे न येण्याची सोयच राहिलेली नसते. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईला पायी लाँग मार्च गेला, त्यात सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडचे किती आदिवासी होते! कसत असलेल्या वनजमिनीचे पट्टे आपल्या नावावर करा, ही त्यांची मोठी मागणी होती. ज्याला स्वतःच्या जमिनीच्या तुकड्यासाठी पाय रक्ताळेपर्यंत चालावं लागतं, त्याची नाइलाजाची मजुरी आपण दुसऱ्याला टोमणा मारायला वापरायची, हे मला पटत नाही.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही बरं का. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना नावाचं राज्य आहे. 2011 साली तिथे जवळपास पाच लाख माणसं बेकार होती आणि शेतकऱ्यांच्या एका संघटनेकडे साडेसहा हजार हंगामी कामं होती. कायद्याप्रमाणे ती आधी स्थानिकांना देऊ करावी लागतात. अर्ज आले 268. त्यातल्या 245 जणांना कामावर घेतलं, पहिल्या दिवशी 163 हजर झाले, आणि हंगाम संपेपर्यंत टिकले फक्त सात. बाकी सगळं काम मेक्सिकोहून आलेल्या मजुरांनी केलं. इंग्लंडमध्ये 2020 च्या कोरोनात "देशासाठी फळं तोडा" म्हणून सरकारने मोहीम काढली, खुद्द राजपुत्राने आवाहन केलं, तरी पुढच्या वर्षी ती गुंडाळावी लागली. सगळ्या जगातली माणसं एकदम आळशी झाली असं तर नाही ना? थोड्या दिवसांचं, अंग मोडणारं, पुढे कुठेच न नेणारं काम तेच करतात ज्यांना परतून जायला दुसरं गाव असतं आणि त्या गावात त्याहून वाईट दिवस असतात.

"लाडक्या बहिणीचे पैसे मिळतात, रेशन फुकट, मग कोण जाईल कामाला?" हेही तू ऐकलं असशील. हा हिशेब कागदावर मांडून बघ. महिन्याला 1,500 रुपये. रोजगार हमीचा 2025-26 चा आपल्या राज्यातला दर होता दिवसाला 312 रुपये. म्हणजे पाच दिवसांची मजुरीसुद्धा होत नाही. एवढ्यावर कुठली बाई महिनाभर पाय पसरून बसेल? फार तर एवढं होतं की, अंगात ताप असताना ती जीपमध्ये चढत नाही, किंवा दर पटला नाही तर "नको" म्हणू शकते. ते "नको" ज्यांना झोंबतं, ते मजूर माजले म्हणतात. मला विचारशील तर आपल्या आयाबायांना आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणता येतंय, याचं वाईट वाटायचं कारण नाही. शेतकऱ्याची अडचण खोटी नाही, औषधं-खतं-डिझेलचा खर्च आणि मालाचा भाव यांत तोही भरडला जातो, हे आपल्याच घरात बघतोय. पण त्याच्या मालाला भाव मिळत नाही याची भरपाई बाईच्या हजेरीतून व्हावी, हा न्याय कुठला?

आता बाईमाणसाचं. हे तुझ्याशी दुसरं कुणी बोलणार नाही म्हणून मी बोलते. डिपिंग तू लांबून बघितलंयस. औषधाचा मग घडाखाली धरायचा, घड बुडवायचा, पुढच्या घडाकडे जायचं. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत, तिथून काखेत उतरतं, ब्लाउजची बाही दिवसभर ओली. थिनिंगला मान वर, हात वर, बोटात बारीक कात्री, आणि प्रत्येक घडातले नको ते मणी काढायचे. संध्याकाळी भाकरी थापताना खांदा उचलत नाही. बहुतेक बागांत बायकांना आडोशाला जायची सोय नसते, म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. पाळीच्या दिवसांत काय होतं ते मी सांगायला नको. शिवाय पिकअपमध्ये उभ्याने, अंधारात घरी यायचं. आई तुला "जाऊ नको" म्हणते ती लाडाने म्हणत नाही, तिने हे सगळं अंगावर काढलंय.

मग जाऊच नको का? तसं मी म्हणत नाही. तुझ्या न जाण्याच्या कारणांमध्ये एक कारण मला अजिबात मान्य नाही, ते म्हणजे लाज. फोनवर तू हळूच बोललीस, "वर्गातल्या कुणी बघितलं तर?" ऐकून मला वाईट वाटलं गं. तलाठी भरतीला 2023 मध्ये 4,644 जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांच्या वर. अर्जाची फी खुल्या गटाला हजार रुपये, राखीवला नऊशे. तुझी ती फी कुठून आली? आईने कांदे लावून, वहिनीने कांद्याची पात कापून भरली. त्यांच्या मजुरीच्या पैशावर शिकायचं आणि त्याच मजुरीची लाज वाटून घ्यायची, हे तुला शोभत नाही. अभ्यास आहे म्हणून जात नाही म्हण, पाठ दुखते म्हण, दर पटत नाही म्हण. सगळी कारणं खरी आहेत आणि मी तुझ्या बाजूने उभी राहीन. लाजेच्या बाजूने मात्र राहणार नाही.

जायचं ठरवलंस तर माझं ऐक. एकटी जाऊ नकोस, वहिनीच्या टोळीतून जा. जीपमध्ये चढायच्या आधी दर विचार, संध्याकाळी नव्हे. पुरुषाला जास्त आणि बाईला कमी असं थिनिंगलाही ठरवतात, तेव्हा सगळ्याजणी मिळून बोला. सारख्या कामाला सारखी मजुरी असा कायदा देशात 1976 पासून आहे. एकटीने कायदा काढलास तर दुसऱ्या दिवशी तुला बोलावणार नाहीत, पण थिनिंग अर्ध्यावर असताना पंधराजणींना कुणी घरी पाठवत नाही. उचल घेऊ नकोस, कितीही गोड बोलून दिली तरी. पेस्टच्या कामाला तर नाहीच म्हण. ते रसायन कातडी भाजतं, हातमोजे-चष्म्याशिवाय हात लावण्याची वस्तू नाही ती. यवतमाळला 2017 मध्ये कपाशीवर फवारणी करताना वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले, त्यातल्या कितीकांना अंगभर कपडा आणि तोंडाला मास्क एवढंसुद्धा मिळालं नव्हतं. फवारा चालू असेल त्या बागेत त्या दिवशी पाऊल टाकायचं नाही, हजेरी बुडली तरी चालेल.

जमलं तर युरोपला माल पाठवणारी बाग बघ. तिकडच्या खरेदीदारांना ग्लोबलगॅपचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यासाठी मजुरांना संडास, हात धुवायला पाणी अशी सोय ठेवावी लागते. बाईला कुठे जायचं हा प्रश्न निदान तिथे सुटतो. आणि तुझ्या शिक्षणाचा उपयोग व्हायचा असेल तर मोहाडीला सह्याद्री फार्म्स आहे, पिंपळगावच्या बाजूला पॅकहाउस आहेत. खुड्याच्या हंगामात तिथे प्रतवारीला, वजनाला, नोंदी ठेवायला माणसं लागतात. कामही हंगामीच, उभं राहून पाय सुजतात, पण डोक्यावर छप्पर असतं आणि हिशेब लिहिता येणाऱ्या मुलीला पुढे सरकायला वाव असतो.

अभ्यासाचं मात्र आधी ठरव. परीक्षेची तारीख लागली असेल तर तो हंगाम सोड, मन द्विधा ठेवून दोन्ही बुडवू नकोस. तारीख लागलेली नसेल तर थिनिंगचे दिवस कर, पैसे स्वतःच्या खात्यात ठेव आणि पुढच्या अर्जाची फी स्वतः भर. काकूंना मी सांगते. रविवारी येतेच आहे. वहिनीला विचारून ठेव, त्यांच्या टोळीला या वर्षी थिनिंगचा एकरी काय भाव ठरलाय आणि किती जणींत वाटायचाय. वही-पेन घेऊन बसू, म्हणजे तुला दिवसाला खरे किती सुटतील ते कळेल.