काळवीट कोणाला भिऊन पळतं?

सोलापूर,
६ एप्रिल

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

सेरेंगेटीचा चित्ता, अलास्काचं अस्वल, मादागास्करचे लेमूर ही तुझी यादी वाचली. खाली ‘सोलापुरात काय, नुसता माळ!’ हा शेराही वाचला. यादी राहू दे, शेरा खोड.

बार्शी रस्त्यानं वीसेक किलोमीटर गेलं की नान्नज लागतं. तिथलं काळवीट ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास पळतं. एवढा वेग कशाला? माळावर लांडगा आहे, पण तो इतका पळत नाही. त्याचा भरवसा चिकाटीवर आणि जोडीदारांवर. उत्तर तुझ्याच यादीत आहे. आपल्याकडेही चित्ता होता. कोल्हापूरच्या छत्रपतींकडे काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळत, त्यांना सांभाळायला चित्तेवान असत, आणि इथले चित्ते मिळेनासे झाले तेव्हा ते आफ्रिकेतून आणवले गेले. देशातले मूळचे शेवटचे चित्ते १९४७च्या सुमारास मारले गेले. पाठलाग करणारा गेला, काळविटाचा वेग मात्र उरला. अमेरिकेतल्या प्राँगहॉर्नलाही आज गाठू शकेल असं तिथे कोणी नाही. हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या तिथल्या चित्त्यामुळे तो असा घडला, असं काही शास्त्रज्ञ मानतात.

तेव्हा कोण किती मोठा आणि किती वेगवान एवढंच पाठ करू नकोस. तो असा का, कोणामुळे, हे आधी विचार.

नान्नजचं अभयारण्य १९७९चं, माळढोक पक्ष्यासाठी केलेलं. त्याचा नर पंधरा किलोपर्यंत भरतो, तरी उडतो. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. डोळे बाजूंना, त्यामुळे उडताना समोरची वीजतार त्याला वेळेवर दिसत नाही. आता इथे तो दिसला तर बातमी होते. आणि माळ म्हणजे ओसाड, तिथे झाडं लावा, हा तुझ्यासारखाच समज मोठ्यांचाही होता. गिरिपुष्पाची लागवड झाली ती याच गवताळ माळावर. लांबवर नजर पोचणं हेच ज्यांचं संरक्षण, त्यांना दाट झाडी काय कामाची? शाळेत वृक्षारोपण असेल तेव्हा हा प्रश्न बाईंना जरूर विचार. रागावल्या तर माझं नाव सांग.

सुट्टीत ये. पहाटे निघू, उन्हं चढली की सगळे सावलीला बसतात. काळविटांच्या कळपामागे धावायचं नाही, जमिनीवर घरटं दिसलं तर फोटोसाठीसुद्धा जवळ जायचं नाही. वहीत आकडे कमी लिही. कळपातलं पहिलं कोण उडी मारतं, नर एकाच जागी लेंड्यांचा ढीग का करतो, असलं लिही. दुर्बिणीसाठी बाबांकडे हट्ट धरू नकोस, माझी आहे. टोपी मात्र तुझी तू आण, आणि भडक रंगाची नको.

तुझा,
मामा