साडेपाच टक्के एमी

चित्रपट बघायचा आणि मग त्यावरची परीक्षणं शोधून वाचत बसायचं, ही माझी जुनी खोड. ‘सिस्टर एमी’ने (२०१९) ती चांगलीच पुरवली. त्यातून सुचलेल्या या चार गोष्टी :

१. खोटं आधीच कबूल केलं, तरी लोक हिशेब मागतातच. यातलं साडेपाच टक्केच खरं, असं हा चित्रपट सुरुवातीलाच सांगून टाकतो. इतिहास एवढाच : १८ मे १९२६ ला लॉस एंजेलिसची नामांकित सुवार्तिक एमी सेंपल मॅकफर्सन समुद्रकिनाऱ्यावरून नाहीशी झाली. पाचेक आठवड्यांनी मेक्सिकोच्या सीमेवर उगवली आणि म्हणाली, मला पळवून नेलं होतं. मधले दिवस सामंथा बक आणि मारी श्लिंगमन या दिग्दर्शिकांनी मनाने रचले. तरी मी तिचं चरित्र धुंडाळत बसलोच. साडेपाचाचे निदान दहा टक्के तरी व्हावेत!

२. ‘सूर जुळत नाही’ ही तक्रार ऐकली की आता मी सावध होतो. सनडान्स महोत्सवानंतर अ‍ॅना मार्गरेट हॉलीमनच्या एमीचं कौतुक झालं. पण प्रहसन, प्रवास, वेस्टर्नची गंमत आणि शेवटाकडे चक्क नाचगाणं, हा काला काहींना पचला नाही. आता खरी एमी बघा. १९२३ मध्ये उघडलेल्या तिच्या एंजेलस टेंपलमध्ये पाच हजारांवर माणसं बसत आणि तिचा उपदेश नेपथ्य, वेशभूषा, वाद्यवृंदासह चाले. एकदा ती पोलिसाच्या गणवेशात, मोटारसायकलसह मंचावर आली आणि पापाच्या वाटेवर सुसाट सुटलेल्यांना हात दाखवून थांबवू लागली. या बाईवरचा चित्रपट एकसुरी निघाला असता, तर तोच मला खोटा वाटला असता. कीर्तनात बुवा निरूपणातून एकदम विनोदात शिरले, तर आपण कुठे कुरकुरतो?

३. लबाडी पुरुषाला शोभते, असं पडद्याचं मत दिसतं. ‘एल्मर गँट्री’तला (१९६०) भोंदू प्रचारक रंगवून बर्ट लँकेस्टरने ऑस्कर नेलं, एमीवरून बेतलेली शॅरन मात्र त्यात आगीत मरते. त्याआधी दिग्दर्शक कॅप्राच्या ‘द मिरॅकल वुमन’मध्ये (१९३१) बार्बरा स्टॅनविक सुरुवातीलाच मृत वडिलांच्या जागी व्यासपीठावर उभी राहून साऱ्या मंडळीला फाडून खाते. काय ती आग! पुढे चित्रपट कचरतो आणि सगळा दोष तिच्या व्यवस्थापकाच्या माथी मारतो. आपण कच खाल्ली, हे कॅप्रानेही पुढे मान्य केलं. एवढं करून ब्रिटनमध्ये बंदी आली ती आलीच.

४. दुसऱ्याच्या श्रद्धेवर हसणं फार सोपं. पण एमीची श्रद्धा आपल्याला इतकी परकीही नाही. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जी धार्मिक लाट उसळली, तिची वार्ता लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या पेंटेकोस्टल मंडळींपर्यंत गेली होती. एमी त्याच पंथातली. उद्या रमाबाईंवर कुणी असा मनचा, थट्टेखोर चित्रपट काढला तर? कलावंताच्या स्वातंत्र्यावर मी भरभरून बोलेन, आणि घरी येऊन वर्तमानपत्राला निषेधाचं पत्र लिहायला घेईन.