एम.ए. मराठी, नेट-सेट आणि प्रबंध : परीक्षा कशाची, तयारी कशाची?



आपल्यातले कितीतरी शिक्षक डी.एड. करून लवकर नोकरीला लागतात आणि पुढचं शिक्षण नोकरी सांभाळून घेतात. कुणी मुक्त विद्यापीठातून बी.ए. करतं, कुणी बहिःस्थ एम.ए. मराठी करतं. पुढे प्रश्न येतो, आता नेट-सेट द्यायची की पीएच.डी.ला नाव नोंदवायचं? पालकांचाही असाच प्रश्न असतो. मुलगी मराठी घेऊन एम.ए. करायचं म्हणते, पण त्यात नेमकं काय करावं लागतं हे घरात कुणालाच माहीत नसतं. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हापासून ही विचारणा जास्तच होते. म्हणून आजचा पाठ या विषयावर.

सुरुवातीला एक गोष्ट लक्षात घेऊ. या वाटेवर दोन वेगवेगळी कामं आहेत. परीक्षा आपलं वाचन तपासते. प्रबंध आपला प्रश्न तपासतो. बरेच जण पहिल्या कामाच्या सवयीने दुसरं काम करायला जातात आणि तिथेच अडकतात.

१) एम.ए. च्या पातळीवर

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात एम.ए. चा जो नवा आराखडा आला, त्यात पहिल्या वर्षी 'संशोधन पद्धती' हा ४ श्रेयांकांचा विषय आहे. दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प असतो, तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६ श्रेयांकांचा. म्हणजे पूर्वी जे काम अनेकांना एम.फिल.ला गेल्यावरच करावं लागायचं, त्याची ओळख आता एम.ए. लाच होते. एम.फिल. तर २०२२ च्या नियमावलीने बंदच झालं.

या प्रकल्पाकडे 'पानं भरायचं काम' म्हणून बघू नका. पुढच्या प्रबंधाची ही रंगीत तालीम आहे. ३०-४० पानांतच संदर्भ कसा द्यायचा, दुसऱ्याचं मत आणि आपलं मत वेगळं कसं ठेवायचं, हे शिकून घ्या.

२) नेट आणि सेट

नेट ही राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा. सेट ही महाराष्ट्र आणि गोवा राज्यांसाठीची, ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. नेटचं स्वरूप असं :

- पेपर पहिला : ५० प्रश्न, १०० गुण. अध्यापन, संशोधन, आकलन, तर्क, संगणक-माहिती असे दहा घटक.
- पेपर दुसरा : १०० प्रश्न, २०० गुण. आपला विषय, म्हणजे मराठी.
- दोन्ही मिळून ३ तास. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत.
- पात्रता : एम.ए. ला ५५ टक्के. राखीव प्रवर्ग व दिव्यांगांना ५० टक्के.

सहायक प्राध्यापक पदाच्या पात्रतेला वयाची अट नाही. संशोधनवृत्तीसाठी, म्हणजे जे.आर.एफ.साठी, मात्र सर्वसाधारण गटाला ३० वर्षांची मर्यादा आहे आणि महिला व राखीव प्रवर्गांना ५ वर्षांची सवलत आहे. २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जातात. तिथे ७० टक्के भार नेटच्या गुणांना आणि ३० टक्के मुलाखतीला असतो. काही विद्यापीठं स्वतःची प्रवेश परीक्षाही घेतात, त्यामुळे ज्या विद्यापीठात जायचं त्याची अधिसूचना आधी वाचावी.

डी.एड. झालेल्यांना एक आनंदाची गोष्ट सांगते. पहिला पेपर आपल्याला अनोळखी नाही. मूल्यमापन, अध्ययनाची तत्त्वं, अध्यापन पद्धती हे आपण रोज वर्गात जगतो. कठीण जातो तो दुसरा पेपर, कारण तिथे महानुभाव गद्यापासून दलित साहित्यापर्यंत आणि भाषाविज्ञानापासून समीक्षेपर्यंत सगळं येतं. गाईड वाचून शंभर प्रश्न सुटत नाहीत. मूळ पुस्तकं हातात घ्यावी लागतात. रोज वीस पानं वाचली तरी वर्षात बरंच होतं.

३) पीएच.डी. : नियम काय म्हणतात

विद्यापीठ अनुदान आयोगाची नियमावली नोव्हेंबर २०२२ मध्ये आली. त्यातल्या नोकरदार शिक्षकाच्या कामाच्या गोष्टी :

- कालावधी कमीत कमी ३ वर्षे, जास्तीत जास्त ६ वर्षे. २ वर्षांची मुदतवाढ मिळू शकते. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी २ वर्षे. पण एकूण १० वर्षांच्या वर नाही.
- महिला संशोधकांना मातृत्व व बालसंगोपनासाठी पूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते.
- कोर्सवर्क १२ ते १६ श्रेयांकांचं, आणि त्यात किमान ५५ टक्के हवेत.
- अर्धवेळ पीएच.डी. करता येते. त्यासाठी नोकरीच्या ठिकाणाहून ना-हरकत पत्र लागतं. संशोधनाला वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कार्यमुक्त करू, हे त्यात लिहिलेलं असावं लागतं.
- प्रबंध मार्गदर्शक आणि किमान दोन बाहेरचे परीक्षक तपासतात. नंतर खुली मौखिक परीक्षा होते.
- दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. करता येत नाही.

शेवटचा मुद्दा दोनदा वाचा. 'घरबसल्या पीएच.डी.', 'प्रबंध लिहून मिळेल' अशा जाहिराती तुमच्याही मोबाइलवर येत असतील. पैसे तर जातातच, पण मुलांना 'कॉपी करू नका' असं आपण कोणत्या तोंडाने सांगणार? शिवाय प्रबंधाची साम्य-तपासणी होते. १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्यापुढे कारवाई आहे आणि ६० टक्क्यांवर गेलं तर नोंदणीच रद्द होते.

४) विषय निवडताना

माझ्या मते खरी परीक्षा इथेच आहे. 'मराठी बालसाहित्य : एक अभ्यास' हा विषय ऐकायला भारदस्त वाटतो. पण तो सहा वर्षांतही संपणार नाही, कारण त्यात प्रश्नच नाही. आता तोच कसा बारीक करायचा ते बघा :

- पहिली पायरी : मराठी बालसाहित्य.
- दुसरी पायरी : 'किशोर' मासिकातलं बालसाहित्य. (बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतं.)
- तिसरी पायरी : 'किशोर'मधल्या पहिल्या दहा वर्षांतल्या कथा.
- चौथी पायरी : त्या कथांत मुली कोणती कामं करताना दिसतात?

चौथ्या पायरीवर प्रश्नचिन्ह आलं. आता काय वाचायचं, काय मोजायचं, कशाशी तुलना करायची, हे सगळं आपोआप ठरत जातं. आराखडा म्हणजे तरी दुसरं काय? प्रश्न, तो का महत्त्वाचा, आधी कुणी काय म्हटलंय, आणि मी उत्तर कसं शोधणार. या चार गोष्टी दोन पानांत साध्या मराठीत लिहिता आल्या, तर विषय तयार आहे असं समजा.

आधी कुणी काय केलंय हे बघायला 'शोधगंगा' आहे. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे मोफत वाचता येतात. आपल्याला सुचलेल्या विषयाच्या जवळचे चार-पाच प्रबंध चाळा. बोलींवर काम करायचं असेल तर डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने केलेलं मराठीच्या बोलींचं सर्वेक्षणही जरूर बघा.

५) आपल्या वर्गातच विषय आहे

प्राथमिक शिक्षकाला वाटतं, आपण कुठे संशोधन करणार, ते प्राध्यापकांचं काम. मला हे मुळीच पटत नाही. पहिलीतलं मूल घरी अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी किंवा पावरी बोलतं आणि शाळेत प्रमाण मराठीचं पुस्तक उघडतं. त्या दोन भाषांच्या मधल्या जागेत रोज कोण उभं असतं? आपणच ना! मूल 'पाणी' ऐवजी 'पानी' लिहितं ते कधी आणि का, गोष्ट सांगताना कोणत्या वाक्यावर घरच्या बोलीत शिरतं, कोणता शब्द पुस्तकात आहे पण त्याच्या जगात नाही... विद्यापीठात बसलेल्या अभ्यासकाला हे गोळा करायला महिनोन् महिने फिरावं लागेल. आपल्यासमोर ते दहा ते पाच घडत असतं.

फक्त दोन पथ्यं पाळायची. मुलांचं बोलणं किंवा लिखाण अभ्यासाला वापरायचं तर पालकांची लेखी संमती घ्यायची आणि मुलाचं नाव कुठेही येऊ द्यायचं नाही. आणि दुसरं, 'चुका' हा शब्द आधी बाजूला ठेवायचा. तपासनीस म्हणून पाहिलं तर चूक दिसते, अभ्यासक म्हणून पाहिलं तर त्यातला नियम दिसायला लागतो.

६) घरच्यांसाठी दोन शब्द

पालकहो, घरातलं कुणी भाषेत एम.ए. किंवा पीएच.डी. करत असेल तर 'अजून किती वर्षं?' हा प्रश्न जरा कमी विचारा. परीक्षेची तारीख ठरलेली असते. प्रबंधाचं तसं नसतं. त्यातले कित्येक महिने बाहेरून बघणाऱ्याला रिकामेच दिसतात, आणि नेमकं त्याच काळात वाचन मुरत असतं. नोकरी, घर, लेकरं सांभाळून अभ्यास करणाऱ्या शिक्षिकेला रोज एक तास सलग मिळाला, तरी घराने तिला मोठीच संशोधनवृत्ती दिली असं म्हणेन.

आता आजचा गृहपाठ. एक जुनी वही घ्या. या आठवड्यात वर्गात भाषेबद्दल जे जे वेगळं कानावर पडेल, ते तारीख टाकून लिहा. रोज दोनच ओळी. नोकरीत असाल तर पुढच्या शिक्षणाची पूर्वपरवानगी लेखी घ्या आणि तिची प्रत जपून ठेवा. महिनाभराने वही पुन्हा वाचा. त्यातली एखादी गोष्ट तिसऱ्यांदा आलेली दिसली, तर तिच्यापुढे प्रश्नचिन्ह काढा. मार्गदर्शकांना पहिल्यांदा भेटायला जाताना तीच वही सोबत न्या.