बंदूक सापडली, पण ताबा कोणाला?

शंका : मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं पुण्याला गेलो होतो. परत आलो तर माळ्यावरची काडतुसाची एकनळी बंदूक नाही. शेतीसंरक्षणाचा परवाना माझ्या नावावर आहे. आठवडा झाला, भीतीने पोलिसांत गेलेलो नाही. बायको म्हणते, तुम्हालाच आत टाकतील. रात्री झोप लागत नाही.
– एक शेतकरी, ता. संगमेश्वर

समाधान : चोरी तुमच्या घरी झाली आहे, या प्रकरणात तुम्ही फिर्यादी आहात, आरोपी नव्हे. मात्र शस्त्र हरवले किंवा चोरीस गेले तर विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावे, ही तुमच्या परवान्याचीच अट आहे. म्हणून आजच जा. त्या बंदुकीने उद्या कोणी गुन्हा केला, तर तिच्यावरच्या क्रमांकावरून पोलीस आधी तुमच्या दारी येतील. तेव्हा या आठवड्याचा खुलासा देणे आजच्यापेक्षा कितीतरी कठीण जाईल.

जाताना परवान्याची पुस्तिका, बंदुकीचा क्रमांक, बनावट, बोअर आणि उरलेल्या काडतुसांचा हिशेब न्या. चोरी कळल्याची तारीख खरीच सांगा. ती पुढे ढकलून सांगण्याचा मोह होतो, पण नुकसान त्यानेच होते. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते, ती घ्या आणि परवाना देणाऱ्या कार्यालयालाही लेखी कळवा. बंदूक कुलपात होती का, हा प्रश्न विचारला जाईल. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 17 खाली परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो, आणि तसे झाले तर कलम 18 खाली अपील करता येते. उशीर झालेला असल्याने जबाब देण्यापूर्वी वकिलाला भेटून घ्या.

शंका : दोन वर्षांपूर्वी चोरीला गेलेली माझी बंदूक दुसऱ्या जिल्ह्यात शिकाऱ्यांकडे सापडली. क्रमांक घासून टाकलाय. पकडलेला माणूस म्हणतो, मी पैसे मोजून घेतली. पोलीस म्हणतात, मुद्देमाल आहे, खटला संपेपर्यंत विसरा. माझी बंदूक सरकारजमा होणार का?
– एक बागायतदार, ता. राजापूर

समाधान : चोरीने मालकी जात नाही. माल विक्री अधिनियम 1930 च्या कलम 27 चे सर्वसाधारण तत्त्व असे, की विकणाऱ्याचा जेवढा हक्क, तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. चोराचा हक्क शून्य, म्हणून त्याच्याकडून घेणाऱ्याचाही शून्य, पैसे कितीही मोजलेले असोत.

क्रमांकाची फार काळजी करू नका. आकडा ठोकताना त्याच्या खालचा धातूही दबतो. वरचा थर घासला, तरी हा दबलेला भाग आम्लाला वेगळा प्रतिसाद देतो आणि पुष्कळदा आकडे पुन्हा दिसतात. हे काम न्यायसहायक प्रयोगशाळेत (गुन्ह्यातील वस्तूंची शास्त्रीय तपासणी करणारी सरकारी प्रयोगशाळा) होते. खरेदीची पावती, परवान्यावरची नोंद, दस्त्यावरची एखादी जुनी भेग यांचाही ओळख पटवायला उपयोग होतो.

आता मुद्देमालाविषयी (तपासात जप्त केलेल्या वस्तू). ‘खटला संपेपर्यंत विसरा’ हा कायदा नाही. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 497 आणि 503 खाली, ज्या पोलीस ठाण्याने जप्ती केली त्याच्या हद्दीतील दंडाधिकाऱ्यांकडे ताब्यासाठी अर्ज करता येतो. जप्त वस्तू ठाण्यात विनाकारण पडून राहू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितले आहे. तरी प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत थांबावे लागेल, हे गृहीत धरा. ताबा मिळाला, तर सहसा बंधपत्रावर (न्यायालयाला लिहून दिलेली हमी) मिळतो: विकणार नाही, फेरफार करणार नाही, बोलावल्यावर हजर करीन.

तुमच्या पत्रातली खरी अडचण ‘शिकारी’ या शब्दात आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 खाली, गुन्ह्यात वापरलेले आणि जप्त झालेले हत्यार सरकारजमा होण्याची तरतूद आहे. तो गुन्हाही नोंदला गेला असेल, तर तुमचा दावा लवकर आणि लेखी नोंदवणे अत्यावश्यक आहे. बंदूक शिकारीआधीच चोरीस गेली होती, हे दाखवणारी दोन वर्षांपूर्वीची फिर्याद हा तुमचा सर्वांत भक्कम कागद. हे एकट्याने करण्याचे काम नाही; फौजदारी वकील कराच. दरम्यान परवान्याची मुदत संपू देऊ नका, कारण चालू परवान्याशिवाय मालकालाही बंदूक हाती मिळत नाही. ती परत आली की पहिला बार काढण्याआधी परवानाधारक कारागिराकडून नळी तपासून घ्या.

शंका : यजमान गेले. त्यांची चोरीला गेलेली बंदूक आता सापडली, घेऊन जा असा निरोप आला. माझ्याकडे परवाना नाही. मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, तो आणतो म्हणतो. दीर म्हणतात, मुळात ती आमच्या वडिलांची, म्हणून माझी. मला भांडण नको आणि गुन्हाही नको.
– एक भगिनी, सातारा

समाधान : ताई, मुलाला पाठवू नका. शस्त्र बाळगण्यासाठी वयाची 21 वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि परवान्याशिवाय ती घरी आणणे तुमच्यासाठीही गुन्हा ठरेल. बंदूक पोलिसांकडे किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा राहू द्या. जमा आहे म्हणून वारसांचा हक्क बुडत नाही. वारसाला स्वतःच्या नावे परवाना मागता येतो किंवा परवाना असलेल्याला ती विकता येते. फक्त त्याला मुदत असते. ती उलटली की शस्त्र सरकारजमा होते. ती मुदत आजच लेखी विचारून घ्या.

दिरांचे म्हणणे परवान्यावरून निकालात निघत नाही. बंदूक कोणी बाळगावी, एवढेच परवाना सांगतो. यजमानांनी मृत्युपत्र केले नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याने पत्नी, मुले आणि हयात असल्यास आई यांचा हक्क भावाच्या आधी येतो. मात्र सासऱ्यांची बंदूक यजमानांकडे रीतसर आली होती का, याचे कागद पाहावे लागतील. तडजोड झाली नाही, तर निर्णय दिवाणी न्यायालयाचा. माझे मत विचाराल तर विकून रक्कम वाटून घेणे सर्वांत शांततेचे.

शंका : ओळखीतून जुनी बंदूक घेतली. परवान्यावर चढवली नाही. आता कळतंय, ती चोरीची आहे. खाडीत टाकून मोकळा होऊ का?
– नाव नको, रायगड

समाधान : टाकू नका. तो पुरावा नष्ट करण्याचा वेगळा गुन्हा होईल. चोरीचा माल घेतल्याचा गुन्हा ठरण्यासाठी, तो चोरीचा असल्याचे तुम्हाला माहीत होते किंवा तसे मानायला कारण होते, हे सिद्ध व्हावे लागते. परवान्यावर न चढवता शस्त्र बाळगणे हा मात्र स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा कडक आहे. बंदूक हलवू नका, कोणाकडे ठेवायला देऊ नका. आजच फौजदारी वकिलाला भेटा आणि त्यांच्यामार्फतच ती पोलिसांच्या हवाली करा. विकणाऱ्याला दिलेल्या पैशांचा पुरावा जपून ठेवा. ते परत मागण्यासाठी तो लागेल.