शकुंतला

मंडळी, आज फळ्यावर एक नाव लिहू या.

श – कुं – त – ला.

अक्षरे चार. जोडाक्षर एकही नाही. तरी हे नाव पुष्कळांचे चुकते. चूक होते ती टिंबाची. टिंब 'कु'च्या डोक्यावर हवे. लोक ते 'श'वर देतात आणि 'शंकुतला' लिहितात. आता अर्थ पाहा. शकुंत म्हणजे पक्षी. शंकू म्हणजे खुंटी. टिंब एक घर अलीकडे सरकले की पाखराची खुंटी झाली!

आमच्या वर्गात या नावाच्या एक बाई आहेत. वय पन्नाशीच्या पुढे. त्यांची हकिगत मागाहून सांगू. आधी नावाची गोष्ट ऐका.

ही गोष्ट महाभारतात आदिपर्वात आहे. विश्वामित्र ऋषी आणि मेनका अप्सरा यांना मुलगी झाली. मेनकेने ती मालिनी नदीच्या काठी रानात टाकली आणि ती निघून गेली. तेव्हा पाखरांनी त्या तान्ह्या पोरीभोवती कडे केले आणि तिला राखले. पुढे कण्व ऋषींना ती सापडली. त्यांनी तिला आश्रमात वाढवले. पाखरांनी सांभाळली म्हणून नाव ठेवले शकुंतला. आईबापांनी टाकलेल्या पोरीला नाव मिळाले ते असे.

ती मोठी झाली. दुष्यंत राजा शिकारीला आला, त्याने तिच्याशी लग्न केले आणि तो राजधानीला परत गेला. पुढे ती मुलाला घेऊन दरबारात गेली, तर राजा म्हणतो, "मी तुला ओळखत नाही." महाभारतातल्या राजाला सारे आठवत होते बरे का! लोक काय म्हणतील म्हणून तो नाकबूल गेला. शकुंतलेजवळ ना कागद, ना खूण. ती भर दरबारात राजाशी भांडली, त्याला खडे बोल सुनावले. शेवटी आकाशवाणी झाली आणि राजाने मुलगा पत्करला. तोच भरत.

पुढे कालिदास कवीने या कथेवर संस्कृतात सात अंकी नाटक लिहिले. त्याने दोन गोष्टी नव्या घातल्या. एक दुर्वास ऋषींचा शाप, म्हणजे राजा खरोखरच विसरला. दुसरी अंगठी. राजाने जाताना आपल्या नावाची अंगठी शकुंतलेला दिली आणि सांगितले, रोज यातले एकेक अक्षर मोज, अक्षरे संपायच्या आत तुला न्यायला माणूस येईल. दु-ष्यं-त. तीन अक्षरे, म्हणजे तीन दिवस! माणूस काही आला नाही. ती अंगठीही वाटेत तीर्थाच्या पाण्यात पडली. ती माशाने गिळली, मासा कोळ्याला सापडला, आणि शिपायांनी त्या गरिबालाच चोर म्हणून धरले. अंगठी पाहून राजाला आठवण आली. त्याने कोळ्याला अंगठीच्या मोलाएवढे पैसे दिले. त्यातले निम्मे शिपायांच्या पदरात गेले. वर्गात हे वाचले तेव्हा मागच्या ओळीतले एक शेतकरी म्हणाले, "गुरुजी, म्हंजे तवापास्नं हाय हे!"

बायांना मात्र शाप पटला नाही. विसरला कसला, नाकबूल गेला हेच खरे, असे त्यांचे मत पडले. आमचेही तेच आहे. नाटक फार गोड आहे, पण दरबारात भांडणारी शकुंतला आम्हाला जवळची वाटते.

तरी नाटकातली एक गोष्ट आपण विसरू नये. कालिदासाची शकुंतला लिहिते. तिसऱ्या अंकात ती कमळाच्या पानावर नखाने अक्षरे काढून राजाला पत्र लिहिते. पाटी नाही, लेखणी नाही, तरी अडले नाही. राजा रविवर्मा यांनी याच प्रसंगाचे चित्र काढले आहे. शकुंतला गवतावर पालथी पडून लिहिते आहे आणि सख्या शेजारी आहेत. पायातला काटा काढण्याचे निमित्त करून मागे वळून पाहणारी शकुंतलाही त्यांचीच. त्यांनी मुंबईत छापखाना काढला. तिथे १८९४ साली पहिले चित्र छापले ते शकुंतलेच्या जन्माचे.

हे नाव दूरवर गेले. १७८९ साली कलकत्त्यात विल्यम जोन्स या इंग्रज न्यायाधीशाने नाटकाचे इंग्रजी भाषांतर छापले. १७९१ साली ते जर्मन भाषेत आले आणि तिथला मोठा कवी गटे ते वाचून हरखून गेला. मराठीत अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी 'संगीत शाकुंतल' लिहिले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात त्याचे पहिले चार अंक झाले. मराठी संगीत नाटकाची खरी चलती तिथून सुरू झाली. बायांची कामे तेव्हा पुरुषच करीत. बालगंधर्व १९०५ साली मिरजेला प्रथम उभे राहिले ते शकुंतला होऊनच. १९४३ साली व्ही. शांताराम यांनी बोलपट काढला. आणि वऱ्हाडात तर यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर या अरुंद रुळांच्या आगगाडीलाच लोक शकुंतला म्हणत. ती गाडी आता बंद पडली, पण नाव गेले नाही.

आता आमच्या बाई. बापाने नाव ठेवले शकुंतला. लग्नात नवऱ्याने ताम्हणातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले. "समद्यांनी वाचलं," त्या सांगतात, "मला मोठ्यानं सांगितलं तवा कळलं, आपलं नाव काय ते." तीस वर्षे तेच नाव चालले. मग वडील वारले. माहेरच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून लागले शकुंतला. आधार कार्डावर सासरचे नाव. एका कचेरीत कारकून म्हणाला, "या शकुंतलाबाईंना घेऊन या."

बाई म्हणाल्या, "मीच की!"

"पुरावा?"

कुणीतरी अर्ज लिहून दिला. बाईंनी अंगठा उठवला. अर्ज परत आला, कारण त्यात नाव पडले होते 'शंकुतला'. म्हणजे आता नावे तीन झाली. त्यानंतर त्या आमच्या वर्गाला येऊ लागल्या.

परवा त्यांनी प्रतिज्ञापत्राचा कागद आणला. दोन्ही नावे एकाच बाईची आहेत, असे त्यात लिहिले आहे. आम्ही वाचायला हात पुढे केला, तर म्हणाल्या, "थांबा गुरुजी, मी वाचते." बोट ठेवून त्यांनी सगळा कागद वाचला. अर्धा तास लागला. चौथ्या ओळीवर बोट थांबले. टिंब 'श'वर होते.

खाडाखोड करू नका, कागद नवा टंकून आणा, असे आम्ही सांगितले. सोमवारी त्या तालुक्याला जाणार आहेत. खाली सही करायची आहे, म्हणून दोन दिवस पाटीवर तेवढे एकच नाव लिहिणे चालू आहे.