ग्रामसभेचे क्लाउड खाते बंद पडल्यावर

क्लाउड खाते बंद पडले म्हणजे त्यातली माहिती त्याच क्षणी पुसली जाते, असे नाही. अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेसमध्ये बिल थकले की खाते आधी निलंबित होते. सर्व्हर थांबतात, पण खात्याच्या मूळ ईमेलने लॉगिन करून थकबाकी भरता येते. पुढे खाते बंद झाले, तरी त्या तारखेपासून 90 दिवसांच्या आत ते पुन्हा उघडून मागता येते. 90 दिवस उलटले की खाते आणि माहिती दोन्ही कायमची जातात, आणि त्याच ईमेलवर नवे खातेही निघत नाही. म्हणून पहिले काम तारीख शोधण्याचे. ती कंपनीच्या ईमेलमध्ये असते.

चंद्रपूर आणि गडचिरोलीत हा प्रश्न केवळ संगणकवाल्यांचा राहिलेला नाही. 2006च्या वनहक्क कायद्यानुसार धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. 2012 मध्ये गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला हक्क मिळाला. बांबू आणि तेंदूपत्ता विकणाऱ्या ग्रामसभेला जीपीएसने आखलेली सीमा, ठराव, मजुरीचे हिशेब, वाहतूक परवान्यांच्या प्रती आणि फळीवर, म्हणजे तेंदूपत्ता संकलन केंद्रावर, मोजलेल्या पुड्यांच्या नोंदी जपाव्याच लागतात. हे कागद क्लाउडवर चढवणारा बहुधा एखादा शिकलेला तरुण असतो. ईमेल त्याचा, मोबाइल नंबर त्याचा, कार्डही त्याचेच. तो नोकरीसाठी नागपूर-पुण्याला गेला की ग्रामसभेच्या दप्तराची किल्ली त्याच्याबरोबर जाते.

खाते बंद पडण्याची कारणे साधी असतात. कार्डाची मुदत संपते. रिझर्व्ह बँकेच्या 1 ऑक्टोबर 2021 पासून लागू झालेल्या नियमानुसार कार्डावरून दरमहा आपोआप होणाऱ्या वसुलीला ग्राहकाची आधी नोंदवलेली संमती लागते. ती नसली की वसुली फसते. ग्रामसभेचे बँक खाते दोन सह्यांचे, त्यावर सहसा यूपीआय चालत नाही. त्यामुळे वैयक्तिक कार्डाचा आधार घेतला जातो. थकबाकीचे ईमेल कोणी उघडत नाही, कारण ते त्या तरुणाच्या जुन्या ईमेलवर पडत असतात.

मोबाइलचा धोका याहून मोठा. सलग 90 दिवस वापर नसलेला आणि पुरेशी शिल्लक नसलेला प्रीपेड नंबर बंद होऊ शकतो, आणि काही काळाने तोच नंबर दुसऱ्या ग्राहकाला मिळतो. भामरागडकडे पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता तुटतो, रेंजही जाते. रिचार्ज लांबतो. खात्याचा ओटीपी मग अनोळखी माणसाच्या फोनवर वाजतो. गूगलचे वैयक्तिक खाते दोन वर्षे वापरले नाही तर कंपनी ते हटवू शकते. अशी कारवाई डिसेंबर 2023 पासून सुरू झाली आहे.

प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातील एका खात्याची गुंतागुंत मुद्दाम सांगण्याजोगी आहे. नोंदणीचा ईमेल संस्थेच्याच वेबसाइटच्या नावावरचा होता, आणि त्या नावाची डीएनएस व्यवस्था, म्हणजे त्या नावावरचे ईमेल कुठे पोचवायचे हे सांगणारी नोंद, बंद पडलेल्या खात्यातच होती. पासवर्ड बदलण्याची लिंक पाठवली जाई, पण ती पोचेचना. वेबसाइटचे नाव ज्या निबंधकाकडे नोंदवले होते तिथे जाऊन डीएनएस दुसरीकडे वळवल्यावरच ईमेल येऊ लागले आणि पुढचा रस्ता खुला झाला. खात्याचा मूळ ईमेल त्याच खात्यावर अवलंबून ठेवू नये, असे म्हणण्यामागे हाच अनुभव आहे.

खाते परत मिळवण्याचा क्रम असा: आधी सिम जिवंत करावे. ते हाताशी असेल तर रिचार्ज, हरवले असेल तर नोंदणीकर्त्याने स्वतः जाऊन त्याच नंबरचे नवे सिम घ्यावे. नंतर ईमेल ताब्यात घ्यावा; नेहमीच्या फोनवरून आणि नेहमीच्या ठिकाणाहून केलेला प्रयत्न गूगलला अधिक विश्वासार्ह वाटतो. मग मूळ ईमेलने लॉगिन करून थकबाकी भरावी. दुहेरी पडताळणीचे यंत्र हरवले असेल तर अ‍ॅमेझॉन नोंदणीकृत ईमेलवर आणि फोनवर खात्री करून घेते, म्हणून सिम आधी. लॉगिनच होत नसेल तर लॉगिनशिवाय भरता येणारा मदतीचा अर्ज कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. त्यात खाते क्रमांक, जुन्या बिलाची रक्कम आणि तारीख द्यावी. खाते क्रमांक बिलावर बारा अंकी छापलेला असतो, म्हणून जुनी बिले दप्तरात असलेली बरी.

घाईत इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’ शोधून सापडलेल्या नंबरवर फोन करू नये. ओटीपी मागणारा कंपनीचा माणूस नव्हे. पैसे गेलेच तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करावी.

खाते उघडल्यावर आधी फाइली उतरवून दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवाव्यात, एक गावात, एक तालुक्याला. उघडलेल्या खात्यात जुने चालू सर्व्हर राहिले तर बिल पुन्हा वाढते. नको ते तिथेच बंद करावेत. त्यानंतर ग्रामसभेच्या नावाने ईमेल काढावा, पासवर्ड आणि पडताळणीचे राखीव कोड लिफाफ्यात घालून ठरावासोबत दप्तरात ठेवावेत, आणि दोन जबाबदार व्यक्तींची नावे ठरावात लिहावीत. तेंदूच्या हंगामापूर्वीच्या ग्रामसभेत या जबाबदार व्यक्तींपैकी कोण बदलले, कार्डाची मुदत कधी संपते आणि सिम चालू आहे का, हे एकदा तपासले जावे.